नदी म्हणजे उरलेला पाऊस

जून संपत आला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट दिसू लागते. घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी अशी पाच नावं आणि प्रत्येकापुढे गेल्या चोवीस तासांत पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. ही गावं अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्याला टेकून वसलेली. ती चौकट सर्वांत आधी वाचली जाते ती मात्र तिथून शंभर किलोमीटरवर, श्रीरामपूर, राहाता, नेवासे या भागांत. तिथं डोक्यावर ढग असतात आणि पाऊस नसतो. तरीही घाटघरला दीडशे मिलिमीटर पडला असं वाचलं की माणसाचा जीव भांड्यात पडतो, कारण रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, मिळणार की नाही हे आपल्या रानावरच्या पावसापेक्षा त्या पाच गावांवर अधिक ठरतं, हे इथल्या शेतकऱ्याला चार पिढ्यांपासून माहीत आहे.

दूरच्या पावसाचा आपल्या पाण्याशी संबंध लावण्याची ही सवय म्हणजेच जलविज्ञान. शास्त्रज्ञ ती एका खोऱ्यावर, एका खंडावर, शेवटी सगळ्या पृथ्वीवर लावतात. तिथं गणित अवघड होतं, मोजमापं तोकडी पडतात आणि काही गोष्टी अशा दिसू लागतात ज्या नदीकाठी उभं राहून कधीच दिसत नाहीत. त्या समजून घ्यायला अहिल्यानगरइतका चांगला जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा. पश्चिमेला कळसूबाई, १,६४६ मीटर. तिच्या परिसरात अरबी समुद्रावरून आलेला वारा डोंगराला धडकून वर चढतो, थंड होतो आणि ओंजळ रिकामी करतो. घाटघरला एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोच वारा डोंगर ओलांडून पूर्वेला उतरतो तेव्हा तापतो आणि कोरडा होतो. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. इतक्या कमी अंतरात पावसाची ही घसरण फार मोठी आहे.

पाणी वाहतं तेही एका दिशेनं नाही. प्रवरा रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगवते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं येते. दोघी एकत्र होऊन नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीत मिळतात. पारनेर-नगरच्या पठाराची दक्षिण बाजू मात्र सीना आणि घोड यांच्याकडे, म्हणजे भीमेकडे आणि पुढे कृष्णेकडे उतरते. आणि घाटघरच्या कड्यावरून पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात जाऊन थोड्या अंतरात अरबी समुद्र गाठू शकतो. त्याच्या शेजारी, कड्याच्या अलीकडे पडलेल्या थेंबाला बंगालच्या उपसागरापर्यंत हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करायचा असतो. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प नेमका या कड्याचा उपयोग करतो. विजेची मागणी वाढली की प्रवरेच्या उगमाजवळचं पाणी सुमारे चारशे मीटर खाली कोकणातल्या तलावात सोडून २५० मेगावॉट वीज करायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचं.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्य मोजण्यासाठी ठरावीक तोंडाचं भांडं कोठारापाशी ठेवायला सांगितलं आहे आणि प्रदेशाप्रदेशाचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे. गोदावरीकाठच्या अश्मक देशाचं माप त्यात कोरड्या जांगल प्रदेशापेक्षाही कमी आहे आणि अपरांताचा, म्हणजे कोकणपट्टीचा पाऊस अमाप म्हटला आहे. घाटमाथ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा फरक दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भांडं ठेवून नोंदवला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण पाऊस मोजणं वेगळं आणि पावसाचा नदीशी हिशेब जुळवणं वेगळं. युरोपात सतराव्या शतकापर्यंत अनेक विद्वान असं मानत की नद्यांना पुरेल इतका पाऊस पडतच नाही. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढून झऱ्यांतून बाहेर पडतं, अशी त्यांची समजूत होती. १६७४ मध्ये पियेर पेरो या फ्रेंच गृहस्थानं सेन नदीच्या उगमाकडचा भाग घेतला, तिथला पाऊस मोजला, क्षेत्रफळानं गुणला आणि नदीच्या प्रवाहाशी ताडून पाहिला. पाऊस नदीच्या सहापट निघाला. नदीला पाऊस पुरतो एवढंच नव्हे, तर भरपूर उरतो. मग उरलेले पाच भाग जातात कुठं, हा नवा प्रश्न उभा राहिला. जलविज्ञान आजही त्याच प्रश्नावर काम करतं आहे.

त्याचं उत्तर वाक्यात मांडणं सोपं आहे. एखाद्या खोऱ्यावर जितका पाऊस पडतो, त्यातला काही भाग बाष्प होऊन आभाळात परत जातो, काही नदीतून वाहून जातो आणि जो फरक राहतो तो जमिनीत, विहिरींत, तलावांत साठा म्हणून वाढतो किंवा घटतो. पृथ्वीचा हिशेब असा : सगळ्या जमिनीवर वर्षाला सुमारे १,१०,००० घन किलोमीटर पाणी पडतं. त्यातलं सुमारे ६५,००० घन किलोमीटर माती, पानं आणि पाणसाठे आभाळाला परत देतात. उरलेलं सुमारे ४५,००० समुद्राला मिळतं. कुठल्याही एका क्षणी जगातल्या सगळ्या नद्यांत मिळून असतं मात्र केवळ दोन हजार घन किलोमीटरच्या आसपास, आणि हवेत बाष्परूपानं त्याच्या सहापट. ते बाष्प साधारण नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. आपल्याला नदी दिसते म्हणून ती मोठी वाटते. डोक्यावरून जाणारी बाष्पाची नदी तिच्याहून खूप मोठी आहे.

गोदावरीलाही हा नियम चुकत नाही. तिचं खोरं ३,१२,८०० चौरस किलोमीटरचं, सरासरी पाऊस सुमारे अकराशे मिलिमीटर. वर्षाला सरासरी ११० अब्ज घनमीटर पाणी तिच्यातून वाहतं असं मानलं जातं. ते पाणी सगळ्या खोऱ्यावर सारखं पसरलं तर साडेतीनशे मिलिमीटरचा थर होईल. म्हणजे पावसाच्या तीन हिश्शांपैकी एक हिस्सा नदीला आणि दोन आभाळाला.

हा हिस्सा ठरवतं कोण? विसाव्या शतकाच्या मध्यावर मिखाईल बुडिको या सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञानं याचं अतिशय सुटसुटीत उत्तर दिलं. बाष्पीभवनाला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि उष्णता. जिथं पाणी मुबलक आणि ऊन कमी, तिथं उन्हाची मर्यादा पडते आणि राहिलेला पाऊस नदीत जातो. जिथं ऊन मुबलक आणि पाणी कमी, तिथं ऊन जवळपास सगळा पाऊस पिऊन टाकतं. पावसाळ्यात महिनामहिना धुक्यात बुडालेलं घाटघर पहिल्या प्रकारातलं. नगर, कर्जत, जामखेड, पाथर्डी दुसऱ्या प्रकारातले. या भागातलं ऊन आणि वारा वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाणी उडवू शकतात आणि पडतो त्याच्या एक तृतीयांश. तरीही तिथले ओढे वाहतात, ते पाऊस वर्षभर सारखा न पडता चार-दोन मोठ्या सरींत कोसळतो म्हणून. बुडिकोचा आलेख देशोदेशींच्या खोऱ्यांसाठी काढलेला. पण त्याची दोन्ही टोकं या एका जिल्ह्यात आहेत.

भंडारदऱ्याचं धरण याची साक्ष देतं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. साठा अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. पाणलोट क्षेत्र मात्र सुमारे १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे धरणाच्या मानानं चिमुकलं. भरलेल्या धरणाचं पाणी पाणलोटावर सारखं पसरलं तर अडीच मीटर उंचीचा थर होईल. भारतात बहुतेक ठिकाणी असं धरण कधीच भरणार नाही. भंडारदरा भरतो आणि ओसंडतो, कारण तिथं पडलेल्या पावसातलं बहुतेक पाणी उताराला लागतं. म्हणूनच त्याच्या खाली निळवंड्याचं आठ टीएमसीचं दुसरं धरण बांधता आलं. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळेवर जे धरण आहे त्याचा साठा २६ टीएमसी, पण पाणलोट दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठा. ते पाणी पसरलं तर जेमतेम फूटभर थर होईल आणि तेवढं जमवायलाही ते अनेक वर्षी झगडतं. मुळेचा भरवसा खालच्या विस्तीर्ण माळांवर नाही, हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या थोड्या पट्ट्यावर आहे. म्हणूनच राहुरीतला माणूस वरच्या अंगाला कोतूळला मुळेचा विसर्ग किती आहे हे विचारत असतो.

विसर्ग कसा मोजतात हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे वाद इथून सुरू होतात. नदीच्या एका सरळ भागात पात्राचा आडवा छेद घेतात. त्याचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात खोली आणि वेग मोजतात. वेग पृष्ठभागावर जास्त असतो, तळाशी कमी. म्हणून वेगमापक पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशांवर धरतात, तिथला वेग सरासरीच्या जवळ असतो. प्रत्येक पट्ट्याचं क्षेत्रफळ तिथल्या वेगानं गुणून केलेली सगळ्यांची बेरीज म्हणजे विसर्ग. पण पुरात दर तासाला हे करणं अशक्य. मग निरनिराळ्या पातळ्यांना घेतलेल्या मोजमापांवरून पातळी आणि विसर्ग यांचा एक आलेख बनवतात आणि पुढे नुसती पट्टीवरची पातळी वाचून विसर्ग काढतात. वाळू उपसली, गाळ साचला, काठ ढासळला की आलेख जुना होतो. सर्वांत मोठ्या पुरात तर प्रत्यक्ष मोजमाप क्वचितच झालेलं असतं; तो आकडा आलेखाची रेषा पुढे ओढून आलेला असतो. क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, जाहीर झालेला पुराचा आकडा किती अंदाजानं आलेला आहे, हे आपण लक्षात ठेवायला हवं. सुमारे ११,५७४ क्यूसेकचा विसर्ग एक पूर्ण दिवस चालला की एक टीएमसी पाणी झालं. आलेखात एक दशांश चूक असेल तर दहा दिवसांच्या अशा पुरात एक टीएमसी कागदावरच वाढतो किंवा नाहीसा होतो.

पैठणचं जायकवाडी धरण आखलं गेलं ते अशाच नोंदींवर. वरच्या गोदावरीचं पैठणपर्यंतचं पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर. नाशिक आणि अहिल्यानगर यांचा मोठा भाग त्यात येतो. ७५ टक्के विश्वासार्हतेनं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी, तिथं १९६ टीएमसी पाणी मिळेल असा मूळ अंदाज होता. नंतरच्या फेरतपासणीत तो बराच खाली आला. नदीची नोंद थोड्या वर्षांची असेल आणि ती वर्षं ओली असतील, तर सरासरी फुगते. शिवाय मोजलेला प्रवाह हा नैसर्गिक प्रवाह नसतो. वरच्या धरणांनी अडवलेलं, कालव्यांनी वळवलेलं, विहिरींनी ओढलेलं पाणी त्यात परत मिळवावं लागतं, आणि त्यातलं विहिरींचं पाणी कुणी मोजलेलंच नसतं.

ही तांत्रिक बाब वाटते, पण तिच्यावर वरच्या नाशिक-अहिल्यानगरचं आणि खालच्या मराठवाड्याचं भांडण उभं आहे. २००५ च्या कायद्यानं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, खोऱ्यातल्या टंचाईचं सगळ्यांमध्ये समन्यायी वाटप व्हावं हे तत्त्व आलं. या वाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे २०१४ मध्ये आदेश निघाला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ठरलेल्या तक्त्यांप्रमाणे वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये असा ८.६ टीएमसीचा आदेश झाला. त्यात मुळा समूहाच्या वाट्याला २.१ टीएमसी आणि भंडारदरा-निळवंडेच्या प्रवरा समूहाच्या वाट्याला ३.३६ टीएमसी आलं, बाकी नाशिकच्या धरणांवर पडलं.

धरणातून सोडलेलं सगळं पाणी खाली पोचत नाही. कोरड्या पात्राची वाळू आधी आपली तहान भागवते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक बंधारा आधी भरून घेतो. नदीकाठच्या मोटारींची वीज बंद ठेवावी लागते. आणि ऊन आपलं काम करतच असतं. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे पैठणचा नाथसागर, पूर्ण भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो आणि त्या मानानं तो उथळ आहे. उन्हाळ्यात त्याचा पसारा दोनशे चौरस किलोमीटर उरला आणि रोज आठ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर अठरा दिवसांत एक टीएमसी वाफ होते. मराठवाड्याच्या हक्काचं पाणी थांबवावं असं यातून मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की पाणी कुठं साठवायचं हा प्रश्न न्यायाचा आहे तसाच बाष्पीभवनाचाही आहे आणि दोन्ही बाजूंच्या भाषणांत दुसरा भाग फारसा येत नाही.

मोठ्या प्रमाणावरचा अभ्यास इथं मदतीला येतो, पण त्याच्या स्वतःच्या मर्यादाही आहेत. साऱ्या पृथ्वीच्या जलचक्राची गणिती प्रतिकृती करताना शास्त्रज्ञ जमिनीचे चौकोन पाडतात. अर्ध्या अंशाचा चौकोन आपल्या अक्षांशावर सुमारे पंचावन्न किलोमीटर लांब-रुंद होतो. अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ अशा सहा चौकोनांइतकंच भरतं. घाटघर, रतनवाडी आणि राजूर एकाच चौकोनात पडतात आणि त्या सगळ्यांना एकच सरासरी पाऊस मिळतो. त्या सरासरीइतका पाऊस त्यांच्यापैकी कुणावरही पडत नसतो. पाऊस आणि प्रवाह यांचं नातं सरळ रेषेचं असतं तर हे चाललं असतं. पण पाच हजार मिलिमीटरची ओली जागा आणि सहाशेची कोरडी जागा यांची सरासरी काढून केलेला नदीचा अंदाज हा दोन्ही जागी वेगळा अंदाज करून घेतलेल्या बेरजेइतका येत नाही. म्हणून आता बारीक चौकोन, डोंगराची उंची लक्षात घेणाऱ्या पद्धती आणि धरणांचे साठे प्रतिकृतीत घालण्याचे प्रयत्न चालू आहेत.

उपग्रहांची गोष्टही तशीच. २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले गेले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतरावर ते फिरत. खाली पाण्याचं वजन वाढलं की तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहून कमी बदलतं. ते मोजून महिन्याच्या महिन्याला जमिनीवरचं आणि जमिनीखालचं पाणी तोलता आलं. याच मोजणीतून २००९ मध्ये राजस्थान, पंजाब, हरियाणा भागातलं भूजल २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर घटल्याचं समजलं. हे एकाही विहिरीत दोरी न सोडता कळलं, म्हणून ते क्रांतिकारक होतं. पण या तराजूला काही लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश लागतो. आपला जिल्हा त्याला वेगळा दिसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट उपग्रह नदीच्या पाण्याची उंची आणि उतार थेट मोजतो, मात्र पात्र साधारण शंभर मीटरपेक्षा रुंद असावं लागतं. नाथसागर, मुळा, भंडारदरा हे जलाशय त्याला स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यातली प्रवरा दिसत नाही.

म्हणजे पट्टी वाचणारा, पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजणारा माणूस अजून लागतोच. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं हे काम स्वतः हाती घेतलं. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं तिथं माथा ते पायथा पाणलोटाची कामं झाली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही असं गावानं ठरवलं. पावसाळ्यानंतर पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं हे ठरतं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणून तिथला प्रत्येक मिलिमीटर जवळपास ९८ लाख लिटरचा. अशा लहान क्षेत्रात आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी माणसाला नजरेनं पटतं, म्हणून शिस्तही टिकते. संगमनेरच्या दरेवाडीसारख्या गावांतही अशीच कामं झाली. त्यांच्यामागे फादर हर्मन बाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली इंडो-जर्मन पाणलोट विकासाची चळवळ होती.

मात्र खोऱ्याच्या पातळीवर एक प्रश्न उरतो आणि तो मनापासून विचारायला हवा. वरच्या शंभर गावांनी आपापलं पाणी अडवलं तर खालच्या धरणात किती येईल? अडवलेलं पाणी झिरपलं आणि पुढच्या ओढ्यात झऱ्यानं बाहेर आलं, तर खालच्याचं नुकसान फारसं नाही. उलट पुराचं पाणी हिवाळ्यापर्यंत टिकतं. पण तेच पाणी विहिरीतून उपसून जादा पिकाला दिलं, तर ते पानांतून आभाळात गेलं आणि खोऱ्याच्या हिशेबातून कमी झालं. बंधारा पाणी तयार करत नाही, ते कधी आणि कुठं वापरता येईल एवढंच बदलतो. गावाचा फायदा आणि खोऱ्याचा फायदा एकच आहे की नाही, हे पिकावर ठरतं.

सगळा हिशेब अशा रीतीनं बाष्पीभवनाच्या रकान्यापाशी येऊन थांबतो. उसाला वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं आणि प्रवरेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात पाऊस त्याच्या एक चतुर्थांश. १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा पट्टा घाटघरचा पाऊस कालव्यानं आणून आभाळाला परत करतो आहे. त्यानं हजारो घरं उभी केली, शाळा-महाविद्यालयं काढली, हेही खरं. पण त्यातलं किती पाणी खरोखर पिकानं उडवलं आणि किती पुन्हा विहिरीत झिरपलं, हे कालव्याच्या दारावरच्या मोजमापातून कळत नाही. आता त्याचाही अंदाज करता येतो. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून भिजलेलं, वाढतं पीक शेजारच्या पडीक रानापेक्षा थंड असतं. उष्णता टिपणाऱ्या उपग्रहांच्या चित्रांत एप्रिलमधला प्रवरेचा पट्टा भोवतालच्या तापलेल्या माळातून वेगळा उठून दिसतो. किती थंड आहे यावरून रोज किती पाणी उडालं याचा आकडा निघतो, शेतागणिक आणि चारीगणिक. ठिबक बसवल्यानं खोऱ्यात खरंच पाणी वाचलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर लागवडीखाली आले, याचं उत्तरही याच आकड्यातून मिळतं. पेरोनं विचारलेल्या उरलेल्या पाच हिश्शांचा शोध आज प्रवरेच्या कालव्यांवर, एकेका चारीखाली घेता येण्याजोगा झाला आहे.